घरच्या बिअरचे हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) नेमके मोजायचे कसे? ५ लिटरच्या बॅचला किचनचा काटा पुरत नाहीये

निनाद_लीड्स

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटा आहे पण लिहिता लिहिता लांबणार, सांभाळून घ्या.

मी इकडे लीड्सला फ्लॅटमध्ये राहतो, जागा म्हणाल तर एक ओटा आणि एक कपाट, त्यामुळे वीस लिटरचं प्रकरण झेपत नाही, ५-५ लिटरच्या बॅचेस करतो. रेसिपी मात्र सगळ्या वीस लिटरच्या मिळतात म्हणून सरळ चारने भागतो. आत्ताची पेल एल (फिकट रंगाची बिअर) आहे तिच्यात मॅग्नम जातीचे हॉप्स २० ग्रॅम पहिल्या उकळीला, ६० मिनिटं, आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे ३० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांना. म्हणजे माझ्या वाट्याला ५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम.

आता काटा घरातलाच, कणीक-साखर मोजायचा, ५ किलोपर्यंत जातो आणि १ ग्रॅमच्या खाली काही दाखवत नाही. त्यातही गंमत अशी की पेलेट (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) थोडे थोडे टाकत गेलं की हा बाबा कितीतरी वेळ ० वरच बसून राहतो आणि मग एकदम ३ दाखवतो. वाटी उचलून परत ठेवली की ४. अजून एकदा ठेवली की ५. यातलं खरं कुठलं?

एकच रेसिपी लागोपाठ दोनदा केली, पहिली मस्त कडू, जशी हवी तशी, आणि दुसरी एकदम गुळमट, माल्टचाच (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा पुढे येतोय. माल्ट तोच, यीस्ट तेच, वेळ तीच.

तर सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमवाला काटा घेऊ का? की चमच्याने किंवा पेलेट मोजून काम भागतं? आणि मुळात हा दोष काट्याचाच आहे का, का मी उगाच त्याच्यावर खापर फोडतोय?

---

ओंक्या_पोर्टलंड

काटा बिघडलेला नाहीये, तो तसाच बनवलेला आहे. किचनच्या डिजिटल काट्यांमध्ये आपोआप शून्य धरायची सोय असते, म्हणजे तापमानाने वगैरे आकडा थोडा सरकला तर तो स्वतःच परत शून्यावर आणतो. आता तू दोन-दोन पेलेट टाकतोस तेव्हा त्याला वाटतं आकडाच सरकतोय, की तो लगेच गिळून टाकतो. म्हणून ० वर बसलेला दिसतो आणि तोपर्यंत वाटीत दीड-दोन ग्रॅम पडलेले असतात.

नवीन काटा येईपर्यंत याच काट्यावर जमेल तेवढं नीट करायचं असेल तर उलटं मोज. पाकीट उघडून आख्खंच्या आख्खं काट्यावर ठेव, टेअर (शून्य) करू नकोस, समजा १०४ दाखवलं. आता पाकिटातून पेलेट काढत जा, ९९ झालं की थांब. शून्यापासून लांब असलं की त्याची ती गिळायची सवय आड येत नाही. एक ग्रॅमची पायरी आहे ती आहेच, पण निदान ३-४-५ चा खेळ बंद होईल.

आता हे एवढं महत्त्वाचं आहे का, तर तुझ्यासाठी आहे. हिशेब करून बघू. ५ लिटरमध्ये ५ ग्रॅम मॅग्नम, अल्फा (हॉप्समधलं कडवटपणा देणारं आम्ल) १२ टक्के धरू. म्हणजे ६०० मिलिग्रॅम अल्फा अ‍ॅसिड, लिटरला १२०. कडवटपणाच्या टिनसेथच्या सूत्राने १.०५० ग्रॅव्हिटीच्या (घनतेच्या) वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, ६० मिनिटं उकळलं तर त्यातलं साधारण २३ टक्केच कामाला येतं, बाकीचं पातेल्यात, गाळात, यीस्टबरोबर जातं. १२० चे २३ टक्के म्हणजे २७-२८ आयबीयू (कडवटपणाचं माप). आता यात १ ग्रॅम इकडेतिकडे झाला तर साडेपाच आयबीयूचा फरक! वीस लिटरवाल्याला तोच १ ग्रॅम चुकला तर सव्वा-दीड आयबीयू, त्याच्या जिभेला पत्ताही लागणार नाही. ढोबळ मानाने ५ आयबीयूच्या आतला फरक बहुतेकांना कळत नाही असं धरतात. म्हणजे तू बरोब्बर त्या कडेवर उभा आहेस, एका ग्रॅमने इकडे किंवा तिकडे.

आणि तुझे गोल्डिंग्ज बघ. ५ टक्के अल्फा, १० मिनिटं, तिथे जेमतेम ८ टक्के उतरतं. साडेसात ग्रॅमचे मिळून ६ आयबीयू सुद्धा धड... बरं ६ होतात. पण त्यात १ ग्रॅम चुकला तर आयबीयू एकानेही हलत नाही. तिथे तुझा किचनचा काटा चालेल, वासात उन्नीस-बीस होईल इतकंच.

म्हणून ०.०१ चा आग्रह सोड, हॉप्सला ०.१ ग्रॅम भरपूर झालं. पाण्यात जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड वगैरे घालत असशील तर मात्र ०.०१ वाला कामाला येतो कारण तिथे ५ लिटरला एखादाच ग्रॅम लागतो.

---

कोल्हापुरी_मेलबर्न

लई डोकं चालवायलाय राव तुम्ही. बिअर करायलाय का औषधाच्या गोळ्या?

मी कधी काटाच वापरला नाही हॉप्सला. २८ ग्रॅमचं पाकीट येतं, म्हणजे एक औंस, कागदावर ओतायचं, पेलेटची सरळ लांब रांग लावायची सुरीने, आणि मधोमध कापायची. १४-१४. परत मधोमध, ७-७. परत, साडेतीन. ५ पाहिजेत तर साडेतीन आणि त्याच्यावर साडेतीनाचा अर्धा टाकला की सव्वापाच झाले. संपला विषय. पेलेट सगळे एकाच जाडीचे असत्यात, रांग सरळ लागली की डोळ्याला अर्ध बरोबर कळतंय.

चमचा तेवढा वापरू नकोस. अख्खे पेलेट चमच्यात मावतात किती आणि भुगा मावतो किती, दुपटीचा फरक पडतोय. आणि फुलं असली तर चमच्याचं नावच काढू नको.

---

ओंक्या_पोर्टलंड

@कोल्हापुरी, रांगेची आयडिया खरंच चांगली आहे, वीस-तेवीस लिटरला तर शंभर टक्के चालेल. पण पाकिटात २८ च आहेत हे तू धरून चाललायस. आणि निनादचं पाकीट १०० चं आणि अर्ध वापरलेलं असेल तर कशाच्या अर्ध्याचं अर्ध करणार?

---

कोल्हापुरी_मेलबर्न

तेवढं आहे म्हणा. मी पाकीट उघडलं की संपवूनच टाकतोय, उरवायचं नावच नाही 😄

---

लॅबवाली

धागा चांगला आहे पण सगळे ग्रॅमवरच भांडताय म्हणून लिहिते. मी जर्मनीत बायर्नमध्ये न्युर्नबर्गजवळ एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये आहे, हॉप्स आले की त्यांची तपासणी माझ्याच टेबलावर येते.

इकडे कडवटपणाच्या हॉप्सचा हिशेब कोणी हॉप्सच्या ग्रॅममध्ये करतच नाही. रेसिपीच्या कागदावर लिहिलेलं असतं हेक्टोलिटरला इतके ग्रॅम अल्फा. म्हणजे निनादच्या बिअरला १२ ग्रॅम अल्फा दर शंभर लिटरला (तेच ते ओंकारचं लिटरला १२० मिलिग्रॅम). मग आज गोदामात जे खोकं उघडलं त्याचा अल्फा किती, त्याने भागायचं, जे येईल ते वजन घालायचं. हॉप्सचं वजन दर लॉटला बदलतं, एकूण घालायचा अल्फा बदलत नाही. घरी ब्रू करणारे याच्या बरोब्बर उलट करतात, रेसिपीत ५ ग्रॅम लिहिलंय म्हणून ५ ग्रॅम तोलून मापून घालतात, तेही दशांशापर्यंत, आणि पाकिटावरचा टक्का बघतच नाहीत.

हॉप्स हे शेतातलं पीक आहे हो. ज्या वर्षी पाऊस-ऊन बिघडलं त्या वर्षी अल्फा पडतो. २०२२ चा उन्हाळा इकडे इतका कोरडा गेला की हालरटाऊ या हॉप्सच्या पट्ट्यात पीकही कमी आलं आणि बऱ्याच जुन्या जातींचा अल्फाही नेहमीपेक्षा खाली होता. नावाने जात तीच, वास साधारण तोच, आणि कडवटपणा तेवढा घालायला वजन कितीतरी जास्त लागत होतं. एकाच वर्षी एकाच जातीच्या दोन शेतांतला माल सुद्धा सारखा नसतो.

तेव्हा निनाद, दोन्ही बॅचेसची पाकिटं अजून असतील तर त्यावरचा अल्फा आणि पिकाचं वर्ष दोन्ही इथे लिही. माझी पैज त्यावर आहे, काट्यावर नाही.

आणि एक, तो आकडा तपासणीच्या दिवसाचा असतो, तू उघडलंस त्या दिवसाचा नाही. पाकीट उघडून क्लिप लावून फ्रिजच्या दारात ठेवलं तर हवेने अल्फा हळूहळू जातो. किती जातो ते जातीवर आहे, मॅग्नम बऱ्यापैकी टिकतो, काही जाती सहा महिन्यांत खोक्यातच म्हाताऱ्या होतात. हवा काढून, घट्ट बंद करून, डीप फ्रीजरमध्ये. उघडल्यावर जुन्या चीजसारखा किंवा घामट मोज्यांसारखा वास आला तर मोजायचे कष्ट पण घेऊ नका, कंपोस्टला द्या.

---

निनाद_लीड्स

बापरे, एवढं सगळं! आधी सगळ्यांना धन्यवाद.

@लॅबवाली ताई, कचऱ्याच्या पिशवीत हात घालून पाकिटं काढली. पहिल्या बॅचचं पाकीट मॅग्नम, अल्फा १३.२. दुसऱ्या बॅचचं, तेच दुकान, तेच चित्र, तोच रंग, अल्फा १०.४! वर्षं पण वेगळी. पैज जिंकलात.

ओंकारच्या हिशेबाने केलं तर पहिलीचे साडेतीस आणि दुसरीचे २४ येतात, बरोबर ना? साडेसहाचा फरक. म्हणजे काटा निर्दोष सुटला का आता?

---

ओंक्या_पोर्टलंड

जामिनावर सुटला 😀 कारण साडेसहा हा फरक वजन दोन्ही वेळा बरोब्बर ५ धरून आहे. तुझा काटा पहिल्यांदा साडेपाच आणि दुसऱ्यांदा साडेचार देऊन बसला असेल तर पहिली साडेतेहतीस आणि दुसरी साडेएकवीस. १२ आयबीयूचा फरक, मग ती दोन वेगळ्या नावाच्या बिअर झाल्या.

आणखी एक गोष्ट जी कोणी मोजत नाही, ती म्हणजे शेवटी पातेल्यात उरलं किती. छोट्या पातेल्यात वाफेने जाणारं पाणी प्रमाणात फार जास्त असतं. तू ५ लिटर धरून चाललास आणि गॅस मोठा राहिला म्हणून ४.४ च उरलं तर तेवढेच हॉप्स आता कमी पाण्यात आहेत, २८ चे थेट ३१ च्या आसपास जातात. म्हणजे अर्धा-पाऊण ग्रॅम हॉप्स जास्त पडल्यासारखंच झालं. तिकडे काट्यावर ०.०१ पर्यंत मोजायचं आणि इकडे पाणी अंदाजपंचे, त्याला काय अर्थ.

उपाय सोपा आहे, स्टीलची फूटपट्टी घे आणि पातेल्यात उभी धर. पातेलं आतून २४ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर दर सेंटिमीटरला ४५० मिली धर. उकळत्या पाण्यात मोजलंस तर लक्षात ठेव की गरम पाणी फुगलेलं असतं, साधारण ४ टक्के, म्हणजे गरम ५.२ दिसलं की गार झाल्यावर ५. कमी उरलं असेल तर उकळलेलं पाणी घालून पूर्ण करता येतं, सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

---

लॅबवाली

+१ पातेल्याच्या मापाला. आमच्याकडेही हॉप्सचा काटा कोणी चुकवत नाही, चुकतं ते नेहमी व्हॉल्यूममध्ये.

आणि आयबीयूचे हे आकडे फार पवित्र मानू नका. सूत्र म्हणजे अंदाज आहे. खरा आयबीयू काढायचा तर बिअरमधून आयसोऑक्टेनने तो भाग ओढून घेऊन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २७५ नॅनोमीटरला शोषण बघतात आणि त्याला ५० ने गुणतात. घरच्या बिअरचं सूत्राने २८ आलं आणि मशीनवर २३ आलं तर मला अजिबात नवल वाटणार नाही. पण तुमचं पातेलं तेच, गॅस तोच, पद्धत तीच असेल तर चूक दर वेळी एकाच बाजूला होते, आणि मग मागच्यापेक्षा थोडी कडू, थोडी कमी हे नक्की साधतं. घरी एवढंच पाहिजे असतं.

---

शनवारातला_पेठकर

मी पुण्यातून, नुसता वाचक. इथे कोणी हा उद्योग करतं का? रीतसर चालतं का हो?

---

ओंक्या_पोर्टलंड

नाही चालत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यात लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, मग ती घरी प्यायला का असेना. इकडे अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरची बिअर मोकळी झाली, त्यालाही घरटी वर्षाला २०० गॅलनची मर्यादा आहे (एकटा असलास तर १००). निनादच्या इंग्लंडात १९६३ पासून लायसन्स लागत नाही. तू ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवतात) जाऊन प्यावीस हे उत्तम.

---

शनवारातला_पेठकर

तेच वाटलं होतं. मग माझा प्रश्न दारूचा नाहीच, हॉप वॉटरचा आहे. मित्राने येताना सिट्रा जातीच्या हॉप्सचं पाकीट आणलंय, आणि हॉप वॉटरमध्ये दारूचा थेंब नसतो, नुसतं थंड पाण्यात हॉप्स भिजवायचे, गाळायचं, वर सोडा. १ लिटरला १-२ ग्रॅम म्हणतात. आता १ ग्रॅम मोजणार कशावर? घरात काटा म्हणजे रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा.

शेवटी लक्ष्मी रोडला ओळखीचे सराफ आहेत त्यांच्याकडे गेलो आणि दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या बांधून आणल्या. त्यांनी काट्यावर घेण्याआधी वास घेतला आणि विचारलं हे नक्की काय आहे. हिरव्या गोळ्या, उग्र वास, दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या, म्हटल्यावर त्यांची तरी काय चूक. अर्धा तास समजावण्यात गेला.

---

कोल्हापुरी_मेलबर्न

😂😂 पुड्या! नशीब दुकानात हवालदार नव्हता.

---

लॅबवाली

पेठकर, गंमत सोडा पण पुड्यांची पद्धत एकदम बरोबर आहे. पाकीट उघडलं की त्याच दिवशी सगळं मोजायचं, लागतील तशा मापाच्या पिशव्या करायच्या, हवा काढून सील करायच्या, वर जात, अल्फा, वर्ष, वजन लिहायचं आणि फ्रीजरमध्ये. दर वेळी पाकीट उघडायला नको, उकळीच्या वाफेत काट्याशी झटापट नको. वाफ आणि काटा हे कधीच जवळ आणू नका.

हॉप वॉटरमध्ये थोडं लिंबू पिळा भिजवायच्या आधीच, साध्या पाण्यात चव खरखरीत येते. आणि थंडच भिजवा, उकळवू नका. थंड पाण्यात अल्फा जवळजवळ उतरत नाही म्हणून तिथे दोनाचे अडीच ग्रॅम झाले तरी कडू होणार नाही, वास वाढेल. पानांची, गवताची चव यायला लागली तर वजन नाही, वेळ कमी करा.

---

निनाद_लीड्स

मस्त चाललंय. मी काटा बघत होतो तर बायको म्हणाली कॉफीचा आहे की आपल्याकडे! पोअर ओव्हरचा (वरून पाण्याची धार सोडून करायच्या कॉफीचा), २ किलोपर्यंत, ०.१ ग्रॅम. एवढे दिवस समोर होता. त्याच्यावर टाकून बघितलं तर एकेक पेलेट सुद्धा दाखवतोय.

आता हा खरं बोलतोय का हे कसं तपासायचं? वजनं विकत घ्यावी लागतील का?

---

ओंक्या_पोर्टलंड

कॉफीवाला बेस्ट. तो हळूहळू पडणाऱ्या धारेसाठीच बनवलेला असतो त्यामुळे गिळायची खोड कमी.

वजनं कशाला, खिशात हात घाल. तुमच्याकडचं २० पेन्सचं नाणं बरोब्बर ५ ग्रॅमचं असतं आणि ५० पेन्सचं ८ ग्रॅमचं. आमच्याकडे निकेल, म्हणजे ५ सेंटचं नाणं, ५ ग्रॅम. चार-पाच नाणी घे, घासून गुळगुळीत झालेली नको, एकेकटं ठेवून बघ आणि मग सगळी मिळून. २० पेन्सची चार मिळून २०.० च्या एक दशांश आत आली की झालं. भारतात नाणी वापरणार असाल तर जपून, पाच रुपयांचंच नाणं २०११ च्या मालिकेत ६ ग्रॅमचं आहे आणि २०१९ च्या मालिकेत ६.७४ चं, आधी कुठलं आहे ते बघा.

दुसरं, औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज. काट्यावर वाटी ठेवून शून्य कर, १० मिली पाणी सोड, १० ग्रॅमच्या जवळपास आलं पाहिजे.

बाकी नेहमीचंच, ओटा सपाट हवा, वर पंखा किंवा बाजूला उघडी खिडकी नको, बॅटरी मरायला टेकलेली नको, मोबाइल काट्याला चिकटवून ठेवू नको. थंडीत हीटर चालू असताना प्लॅस्टिकची वाटी वापरलीस तर भुगा कडेला उडून चिकटतो, कागदाचा कपकेकचा साचा घे किंवा स्टीलची छोटी वाटी. आणि पाकिटाच्या तळाशी जो पिवळट भुगा बसतो तो झटकून टाकू नकोस, त्याच्यात लुप्युलिन असतं, म्हणजे आपण पैसे ज्याचे दिले ते. मोजायच्या आधी पाकीट एकदा वरखाली हलवून घे.

---

निनाद_लीड्स

झकास. २० पेन्सची तीन सापडली, १५.० दाखवतोय.

शेवटचे दोन प्रश्न, मग सोडतो तुम्हाला. १३.२ वाल्यातले ३ ग्रॅम उरलेत आणि १०.४ वालं बरंच आहे, दोन्ही एकत्र करून वापरले तर हिशेब कसा? आणि दुसरं, शेजारच्या आजोबांच्या कुंपणावर हॉप्सचा वेल आहे, यॉर्कशरच्या थंडीतही दणकून येतो, ते म्हणाले सप्टेंबरमध्ये पाहिजे तेवढी फुलं काढून ने. ती किती घालायची?

---

लॅबवाली

पहिलं सोपं. तुला हवंय ६०० मिलिग्रॅम अल्फा. जुन्या ३ ग्रॅममध्ये १३.२ टक्क्यांनी ३९६ आहे. उरले २०४. ते १०.४ ने भागले की १.९६, म्हणजे नव्यातले २ ग्रॅम. पाकिटं एकत्र ओतून ठेवू नकोस मात्र, मग कुठल्याचाच टक्का राहत नाही. जुनं पाकीट बरेच दिवस उघडं पडलेलं असेल तर त्याचे ३९६ च्या ऐवजी ३५० धर आणि नव्यातले अडीच घाल.

आजोबांच्या वेलाचं म्हणशील तर त्या फुलांचा अल्फा कोणालाच माहीत नाही, आजोबांनाही नाही, कारण अशा वेलाची जातच बहुतेक वेळा माहीत नसते. २ टक्के असेल नाहीतर ७. म्हणून कडवटपणा मॅग्नमचाच ठेव, मोजून, आणि ही फुलं शेवटच्या पाच-दहा मिनिटांत किंवा गॅस बंद केल्यावर घाल, तिथे अल्फाचा हिशेब फारसा लागत नाही.

ओली घालायची की वाळवून हे आधी ठरव, कारण ताज्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. १०० ग्रॅम ओली वाळवलीस तर २०-२५ ग्रॅम उरतात. म्हणजे रेसिपीत ८ ग्रॅम वाळलेली फुलं असतील तर ओली ३५-४० ग्रॅम लागतील, आणि ५ लिटरच्या पातेल्यात एवढी फुलं म्हणजे अर्धं पातेलं भरलंच समज, शिवाय ती पाणी पिऊन बसतात. पिशवीत बांधून घाल आणि शेवटी पिळ.

वाळवायची असतील तर जाळीवर पसरून, पंख्याखाली, उन्हात नाही. मधली दांडी वाकवल्यावर कटकन तुटली की झाली. नुसती वाकली तर अजून ओल आहे, तशीच पिशवीत भरलीस तर बुरशी येईल.

---

कोल्हापुरी_मेलबर्न

आणि आजोबांना दोन बाटल्या द्यायला विसरू नको, नाहीतर पुढच्या वर्षी कुंपण बंद.

---

शनवारातला_पेठकर

अवांतर: हा वेल भारतात येतो का कुठे?

---

ओंक्या_पोर्टलंड

हिमाचलात लाहौलमध्ये घेतात. त्याला फुलायला उन्हाळ्यातला लांब दिवस लागतो आणि हिवाळ्यात चांगली थंडी, शनवारात गच्चीवरच्या कुंडीत लावलास तर वेल कदाचित चढेल, फुलं धरायची आशा ठेवू नकोस. तुझं सिट्राचं पाकीट संपेपर्यंत सराफ आहेतच.

---

शनवारातला_पेठकर

सराफ आता नाही म्हणतात. पुढच्या खेपेला मित्राला कॉफीचा काटाच आणायला सांगतोय.